मशीनला पैसे आहेत, हाताला नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नॅनोटेक्नॉलॉजीवर (मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, म्हणजे नॅनोमीटरच्या मापात चालणारं काम) काही छापून आलं की मी आधी फोटो बघतो, आणि फोटो बहुतेक वेळा ठरलेला असतो, चकचकीत नवं मशीन, फीत, आणि बाजूला उभी असलेली माणसं ज्यांच्यातल्या एकालाही ते मशीन चालू करता येत नाही. चेष्टा नाही करत. माझी सगळी नोकरी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप (प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने बारीक वस्तू बघायचं मशीन) चालवण्यात गेली, मी शास्त्रज्ञ नाही, ऑपरेटर होतो, आता रिटायर झालोय त्यामुळे कुणाची भीडही उरलेली नाही. पुढच्या पिढीचे नॅनो संशोधक तयार करायला पैसा हवा हे सगळेच बोलतात, पण तो पैसा जातो कुठे आणि कुठे पोचतच नाही हे आमच्यासारख्यांना जास्त दिसतं, म्हणून लिहितोय.

मशीन घेणं सोपं असतं हो. एकदाच खर्च, एकदाच मंजुरी, बिल दाखवता येतं, फोटो काढता येतो. खरा खर्च नंतर सुरू होतो. मोठ्या मशीनचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी किमतीच्या पाच ते दहा टक्क्यांपर्यंत सहज जातं, वर फिलामेंट, पंप, चिलर, लिक्विड नायट्रोजन, आणि मग ते चालवणारा माणूस. वॉरंटी असते तोवर सगळं छान, ती संपते त्याच सुमारास प्रोजेक्टही संपतो आणि प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टने घेतलेला ऑपरेटरही घरी जातो. एका लॅबमध्ये (नाव घेत नाही) एका पंपापायी मशीन जवळजवळ वर्षभर प्लास्टिक पांघरून बसलेलं मी बघितलंय, फाईल फिरत होती, आणि त्या वर्षात तिथले तीन पीएचडीचे विद्यार्थी रोज येऊन त्या प्लास्टिककडे बघत होते, त्यातल्या एकीने शेवटी विषयच बदलला. तिचं वाया गेलेलं वर्ष कुठल्याच ऑडिटमध्ये आलं नाही.

आता कुणी म्हणेल, ऑपरेटरला कशाला एवढं महत्त्व, हल्लीची मशीन्स ऑटोमॅटिक आहेत, बटण दाबलं की फोटो. फोटो येतो, खरंय. पण ट्रान्समिशन मायक्रोस्कोपला (यात झोत सॅम्पलच्या आरपार जातो) सॅम्पल साधारण 100 नॅनोमीटरपेक्षा पातळ लागतं, ते तसं करायलाच नवख्याचे कित्येक आठवडे जातात, आणि मग स्क्रीनवर जे दिसतं ते सॅम्पल आहे की आपल्याच इलेक्ट्रॉनच्या झोताने सॅम्पलचं झालेलं काहीतरी, हे मशीन सांगत नाही. झोत जरा जास्त वेळ एका जागी ठेवला की सोन्याचे बारके कण हलतात, एकमेकांत मिसळतात, त्यांच्यावर कार्बनचा थर चढतो. नवीन मुलगा खूष, सर बघा किती मोठे कण आले. अरे ते आले नाहीत, तू केलेस! हे शिकवायला शेजारी बसावं लागतं, पुस्तकात वाचून ते डोळ्यात येत नाही.

दुसरं उदाहरण, कणांचा आकार मोजायचं एक साधं मशीन असतं, द्रावणावर लेसर टाकायचा आणि पसरलेल्या प्रकाशावरून आकार काढायचा. दोन मिनिटांत आकडा. पण एवढ्या बारीक कणांनी पसरवलेला प्रकाश आकाराच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे दहापट मोठा कण जवळजवळ दहा लाखपट जास्त चमकतो, त्यामुळे बाटलीत थोडी धूळ जरी गेली तरी आकडा धुळीचा येतो आणि मुलं तो थीसिसमध्ये नॅनोकणांचा म्हणून लिहून टाकतात. परीक्षकही मान डोलावतात.

केमिस्ट्रीवाल्यांची तर याहून मजा. सोन्याच्या नॅनोरॉड, म्हणजे अतिबारीक काड्या, बनवायला सीटॅब नावाचं साबणासारखं रसायन लागतं. कागदावरची कृती तीच, माप तेच, तरी एका ठिकाणी सुंदर काड्या तयार व्हायच्या आणि दुसरीकडे नुसत्या गोट्या. 2008 च्या आसपास लक्षात आलं की काही कंपन्यांच्या सीटॅबमध्ये नकळत आलेलं किंचितसं आयोडाइड असतं आणि तेवढ्यावरच काड्यांचा खेळ बिघडतो. तोवर किती विद्यार्थ्यांनी गाईडच्या शिव्या खाल्ल्या असतील याचा हिशोब कोण देणार. अशा वेळी कामाला येतो तो लॅबमधला जुना माणूस, जो डबा उलटा करून बॅच नंबर बघतो. आमच्याकडे त्या माणसाची पोस्ट दर अकरा महिन्यांनी रिन्यू व्हायची.

या क्षेत्राचा इतिहास तरी वेगळं काय सांगतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप पहिल्यांदा 1931 मध्ये बर्लिनमध्ये उभा राहिला, मॅक्स नोल आणि त्यांच्या हाताखालचा विद्यार्थी अर्न्स्ट रुस्का यांनी केला. रुस्कांना नोबेल मिळालं 1986 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी! म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाची किंमत कळायला 55 वर्षं, आणि आपण तीन वर्षांच्या प्रोजेक्टला दर सहा महिन्यांनी रिपोर्ट मागतो, आउटपुट काय, पेटंट किती.

त्याच 1986 च्या नोबेलचा दुसरा अर्धा भाग गेर्ड बिनिंग आणि हाइनरिख रोरर यांना मिळाला, झुरिकच्या आयबीएम लॅबमध्ये एकेक अणू दाखवणारा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप केल्याबद्दल. पण त्यांचे 1982 चे पेपर काढून बघा, तिथे चार नावं आहेत, बिनिंग, रोरर, ख्रिस्तोफ गेर्बर, एडमंड वायबेल. ते नाजूक यंत्र प्रत्यक्ष उभं करण्यात या शेवटच्या दोघांचा हात होता. गेर्बर पुढे बिनिंग आणि कॅल्व्हिन क्वेट यांच्याबरोबर ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या (बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणारं यंत्र) पहिल्या पेपरात आले आणि 2016 मध्ये त्या तिघांना नॅनोसायन्सचं कावली पारितोषिक मिळालं. हे मी सारखं सांगतो कारण यंत्र बांधणाऱ्या माणसाचं नाव पेपरवर टाकायचं की नुसते आभार मानायचे यावर मी आयुष्यभर भांडलोय, बहुतेक वेळा आभारच मिळाले, आणि काही वेळा स्पेलिंग चुकवून.

ग्राफीनची (कार्बनचा एकाच अणूइतका जाड थर) गोष्ट बहुतेकांना माहीत असते, चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलले आणि 2010 चं नोबेल. ती अशी सांगतात जणू कुणीतरी गंमत म्हणून पट्टी चिकटवली. आंद्रे गाइम यांनी नोबेलच्या भाषणात सांगितलेली हकीकत वेगळी आहे. त्यांनी एका नव्या पीएचडी विद्यार्थ्याला ग्रॅफाइट घासून जमेल तितकं पातळ करायला सांगितलं होतं, ते काही जमलं नाही. तेव्हा तिथल्याच ओलेग श्क्ल्यारेव्हस्की या मुरलेल्या माणसाने सांगितलं की आम्ही मायक्रोस्कोपखाली ग्रॅफाइट ठेवण्याआधी वरचा थर पट्टीने काढून टाकतो आणि ती पट्टी कचऱ्यात जाते, त्या पट्टीवर बघा की. म्हणजे कचऱ्यात काय जातं हे माहीत असलेला माणूस शेजारच्या टेबलावर होता, म्हणून जमलं. आणि ज्यांनी पुढे ते काम तडीस नेलं ते नोव्होसेलोव्ह गाइम यांचेच विद्यार्थी, एका देशातून दुसऱ्या देशात त्यांच्याबरोबर गेलेले, नोबेल मिळालं तेव्हा 36 वर्षांचे.

2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल क्वांटम डॉट्सना (आकार बदलला की रंग बदलणारे नॅनोकण) मिळालं त्यातही हेच. लुई ब्रुस अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये, त्यांच्याकडे मुंगी बावेंडी पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) म्हणून गेले, मग स्वतःची लॅब सुरू केली आणि 1993 मध्ये एकसारख्या आकाराचे डॉट बनवायची जी पद्धत आली त्या पेपरवर बावेंडींबरोबर मरे आणि नॉरिस ही दोन नावं आहेत, दोघंही तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी. हेच बावेंडी कॉलेजमधल्या केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत सपशेल आपटले होते, त्यांनी स्वतःच सांगितलंय. आपल्या एन्ट्रन्सवाल्यांनी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं असतं. असो.

1985 मध्ये साठ कार्बन अणूंचा चेंडू सापडला तेव्हाही मशीनवर रात्रंदिवस बसलेले जेम्स हीथ आणि शॉन ओब्रायन विद्यार्थीच होते. नोबेल तिघांपलीकडे देता येत नाही म्हणून क्रोटो, कर्ल, स्मॉली एवढीच नावं लोकांना माहीत, पण पेपरवर पाच नावं आहेत. तक्रार नोबेलबद्दल नाही, तक्रार ही आहे की पैसे वाटणारेही तीन नावांच्या पुढे वाचत नाहीत.

मोठा पैसा आलाच नाही असं नाही. 2000 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नॅनोचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, त्यानंतर बऱ्याच देशांनी तसेच काढले. युरोपने 2013 मध्ये ग्राफीनसाठी दहा वर्षांचा एक अब्ज युरोचा प्रकल्प सुरू केला. लोकांना त्यातला अब्ज दिसतो, मला दहा वर्षं दिसतात आणि हेवा वाटतो. पीएचडीला पाच वर्षं लागतात, ग्रँट तीन वर्षांची असते, मग चौथ्या पाचव्या वर्षी मुलगा कशावर जगतो? ट्यूशन घेतो, गाईडच्या दुसऱ्याच प्रोजेक्टवर राबतो, स्टायपेंड चार महिने उशिरा आला तर उधारी करतो, आणि याच काळात त्याच्याकडून आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम अपेक्षित असतं.

एक पद्धत मात्र मला पटलेली आहे आणि ती नवीन अजिबात नाही. कॉर्नेल विद्यापीठात 1977 पासून अशी एक सामायिक सोय आहे, महागडी मशीन्स एका ठिकाणी, बाहेरच्या कुठल्याही कॉलेजचा विद्यार्थी तिथे जातो, तिथला पगारी स्टाफ त्याला शिकवतो आणि मग तो स्वतःच्या हाताने मशीन वापरतो. सॅम्पल पाठवा, आम्ही रिपोर्ट पाठवू, असं नाही. स्वतःच्या हाताने. अमेरिकेत पुढे अशा जागांचं जाळं झालं, 2015 मध्ये त्याची नवी फेरी सुरू झाली तेव्हा 16 केंद्रं होती. यात खरी गुंतवणूक मशीनपेक्षा त्या स्टाफमध्ये असते आणि म्हणूनच नक्कल करणाऱ्यांची नेमकी तिथे गाडी अडते, जागा होते, मशीन येतं, बोर्ड लागतो, स्टाफच्या पोस्ट नंतर बघू.

आणि स्टाफ नुसता मशीनसाठी नाही, मुलांचा जीव सांभाळायलाही लागतो. या कामात वापरतात ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड सौम्य असलं तर कातडीवर पडल्यावर सुरुवातीला दुखतही नाही, आत उतरून हाडापर्यंत जातं, त्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी लागते. ती जेल कुठे आहे आणि तिची एक्सपायरी कधी आहे हे रोज बघणारा माणूस पगारावर पाहिजे की नको? एका ठिकाणी मी जेल मागितली तर कपाटाची किल्ली सुटीवर गेलेल्या माणसाकडे होती.

ट्रेनिंगमधली अजून एक गोष्ट म्हणजे नोंदवही. मुलांना कंटाळा येतो, मलाही यायचा. पण यान हेन्ड्रिक शोन प्रकरण आठवा, बेल लॅबमधला तरुण स्टार, एका रेणूचा ट्रान्झिस्टर वगैरे, नामवंत जर्नल्समध्ये धडाधड पेपर. 2002 मध्ये चौकशी समितीने 24 पैकी 16 आरोप खरे ठरवले, आणि समितीने मूळ नोंदी मागितल्या तेव्हा धड नोंदवही नव्हती आणि कच्चा डेटा कॉम्प्युटरवरून पुसून टाकलेला होता. त्याची नोकरी आणि नंतर डॉक्टरेटही गेली ते ठीक, पण जगभरात ते प्रयोग पुन्हा करून बघण्यात ज्या पोरांची वर्षं गेली त्यांनी काय केलं होतं? पेपर मोजून पैसे दिले की असे शोन तयार होणारच, आणि जो मुलगा प्रामाणिकपणे लिहितो की हे मला चार वेळा करूनही जमलं नाही त्याला फेलोशिप वाढवून मिळत नाही.

एक गोष्ट लोकांना आवडणार नाही. नुसत्या नॅनो नावाच्या पदवीचा कोर्स मला पटत नाही. थोडं फिजिक्स, थोडी केमिस्ट्री, थोडी बायोलॉजी, मुलगा तिन्हीकडे पाहुणा. आधी एक विषय पक्का करा, मग दुसऱ्याच्या लॅबमध्ये सहा महिने टाका, म्हणजे फिजिक्सवाल्याची पिपेटची भीती जाईल आणि केमिस्ट्रीवाल्याला क्लीनरूममध्ये (धूळ येऊ न देणारी खोली) पिवळा दिवा का लावतात ते कळेल (निळ्या आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने रेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवायचा थर, खराब होतं म्हणून). या सहा महिन्यांचे पैसे फेलोशिपमध्येच धरलेले असावेत, गाईडच्या मर्जीवर नकोत.

माझं मागणं फार नाही. मशीन मंजूर करताना त्याच कागदावर ते चालवणाऱ्याची कायम पोस्ट आणि निदान दहा वर्षांचा मेंटेनन्स मंजूर करा, नाहीतर मशीनच देऊ नका. स्टायपेंड महिन्याच्या महिन्याला द्या. आणि तुमच्या वार्ताहरांना एक विनंती, पुढच्या उद्घाटनाला गेलात की फीत कापणाऱ्याला सोडून जरा मागे उभ्या असलेल्या, मळक्या ॲप्रनवाल्या माणसाला विचारा की बाबा तुझं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय, आणि ती तारीख बातमीत छापा.

पत्र लांबलंय, कल्पना आहे. कापायचं असेल तर नॅनोच्या पदवीबद्दलचं कापा, त्यावरून मला फोन येतील. गेर्बर आणि वायबेल यांची नावं मात्र ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक रिटायर्ड मायक्रोस्कोप ऑपरेटर