मस्तगीच्या गावाहून

पिर्गी, खिओस
१८ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले होते की, आपल्या वाडीत काजू वेचायला माणूस मिळत नाही, आळीतल्या निम्म्या घरांना कुलपे आहेत, मग त्या एवढ्याशा बेटावरच्या गावात माणसे अजून राहतात तरी कशी. मी उत्तर देण्याच्या आतच आईने रात्री काय जेवलीस म्हणून विचारले आणि विषय स्वयंपाकावर गेला, तो तिथेच संपला. तेव्हा हे पत्र मुख्यतः बाबांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आईच्या प्रश्नांची उत्तरे अधूनमधून येतीलच.

खिओस हे ग्रीसचे बेट असले, तरी इथून अथेन्सपेक्षा तुर्कस्तान कितीतरी जवळ आहे. पूर्वेच्या किनाऱ्यावर उभे राहिले की पलीकडचा डोंगर स्पष्ट दिसतो. बेटाच्या दक्षिण भागातल्या चोवीस गावांना मस्तगीची गावे म्हणतात आणि पिर्गी हे त्यांतले एक मोठे गाव. ही मस्तगी आपल्याला अगदीच अनोळखी नाही. काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तगी म्हणून जे पिवळसर, पारदर्शक खडे मिळतात आणि युनानी हकीम पोटाच्या तक्रारींवर देतात, ती मूळची इथली. ग्रीक लोक ती चघळतात, पावात आणि मिठाईत घालतात, तिची दारू करतात. कॉफीच्या दुकानात गेले, तर थंड पाण्याच्या पेल्यात चमचाभर घट्ट, पांढरा मस्तगीचा पाक बुडवून देतात. तो चमचा चाटत चाटत पाणी प्यायचे. बाबांना ते फारच गोड लागेल, आईला आवडेल.

झाड दिसायला काही विशेष नाही. दोन-तीन मीटर उंचीचे, वेड्यावाकड्या खोडाचे, बाराही महिने हिरवे. या जातीची झुडपे भूमध्य समुद्राच्या काठाने सगळीकडे उगवतात. परंतु खोडाला चीर दिल्यावर थेंबाथेंबाने चीक गळावा आणि तो घट्ट होऊन विकण्याजोगा व्हावा, हे या बेटाच्या दक्षिण भागातच साधते. गावकरी याचे श्रेय संत इसिदोर यांना देतात. रोमन सम्राटाच्या काळात, इ. स. २५१ मध्ये, या संताचा छळ करून त्याला मारले, तेव्हा झाडे रडू लागली आणि तेव्हापासून ती रडतच आहेत, अशी कथा आहे.

प्रत्यक्षात ती रडावीत म्हणून माणसांना वर्षभर राबावे लागते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडाखालची जमीन खरवडून, झाडून, सपाट करतात आणि तिच्यावर चाळलेली पांढरी माती पसरतात. ही माती म्हणजे जवळजवळ चुनखडीची भुकटीच असते. तिच्यावर पडलेला थेंब स्वच्छ राहतो. जुलैच्या मध्यापासून चिरा द्यायला सुरुवात होते. एकाच दिवशी सगळे खोड चिरत नाहीत. थोड्या चिरा आज, थोड्या काही दिवसांनी, असे आठवडेच्या आठवडे चालते. पडलेला चीक घट्ट व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात. मग भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत तो गोळा करायचा, कारण उन्हाने मस्तगी मऊ पडते आणि बोटांना चिकटते.

शेजारच्या आजोबांनी जुलैत मला हे जवळून दाखवले. डाव्या हाताने त्यांनी खोड चाचपले, जुन्या चिरांचे व्रण अंगठ्याने एकेक करून तपासले आणि त्यांच्यामधली न दुखावलेली जागा सापडल्यावरच मनगटाला एक हलकासा झटका दिला. चीर साल भेदून जाईल एवढीच खोल असावी लागते. ती लाकडापर्यंत गेली, तर झाड अशक्त होते. क्षणभर काहीच झाले नाही. मग चिरेच्या खालच्या कडेला पाण्यासारखा नितळ थेंब जमला, फुगला आणि तिथेच लोंबत राहिला. आजोबांनी हत्यार विजारीला पुसले आणि पुढच्या झाडाकडे निघाले. एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर एका झाडापासून वर्षाकाठी सरासरी १५० ते १८० ग्रॅम मस्तगी मिळते. बाबा, आपल्या कलमांशी हा हिशेब ताडून पाहा, म्हणजे इथल्या लोकांची चिकाटी लक्षात येईल.

सध्या गावात चालू आहे ते मात्र शेतातले काम नव्हे, घरातले आहे. गोळा केलेली मस्तगी चाळून, थंड पाण्यात साबणाने धुऊन, सावलीत वाळवली जाते आणि मग संपूर्ण हिवाळाभर बायका एकत्र बसून एकेक खडा हातात घेऊन चाकूच्या टोकाने त्यावरचा मातीचा कण, सालीचा तुकडा, पानाचा धागा काढतात. हे काम कोणत्याही यंत्राने नीट होत नाही. आमच्या घरमालकीण आजी पंचाऐंशीच्या आहेत. त्यांना वाकता येत नाही, गुडघे आईच्या गुडघ्यांसारखेच. पण कोणता खडा पहिल्या प्रतीचा आणि कोणता नाही, याबाबत आळीत त्यांचाच शब्द अखेरचा असतो. तरुण सुना आपापली परात घेऊन त्यांच्याकडे येऊन बसतात, कामापेक्षा बोलणे जास्त होते, आणि मध्येच आजी कुणाच्या तरी परातीत बोट घालून एक खडा बाहेर काढतात व काही न बोलता तो त्या सुनेसमोर ठेवतात. बाबा, तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा निम्मा भाग माझ्या मते या खोलीत आहे. शेतातले काम सुटले म्हणून माणूस इथे कामातून सुटत नाही. ते माणूस शेतातून घरात येते आणि तिथे त्याची गरज उलट वाढते.

उरलेला निम्मा भाग दराचा आहे. १९३० नंतरच्या मंदीत व्यापारी शेतकऱ्यांना अगदी नागवत होते, म्हणून १९३८ मध्ये मस्तगी उत्पादकांचा संघ स्थापन झाला. कच्ची मस्तगी विकण्याचा अधिकार कायद्यानेच या संघाकडे आहे. शेतकऱ्याने माल संघाकडे आणायचा, प्रतवारी करून घ्यायची आणि ठरलेला दर घ्यायचा. १९९७ मध्ये युरोपीय संघाने या मस्तगीच्या नावाला संरक्षण दिले, २०१४ मध्ये तिच्या लागवडीचे कौशल्य युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले, २०१६ मध्ये गावाजवळच्या टेकडीवर एक सुंदर संग्रहालयही उभे राहिले. या सगळ्याचे गावात कौतुक आहे. पण गाव जगले ते त्या याद्यांमुळे नव्हे. आपल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बाबांनी मला वर्तमानपत्राचे कात्रण पाठवले होते. परंतु पेटी आजही ज्याने त्याने दलालाच्या दारात न्यायची आणि तो म्हणेल तो भाव घ्यायचा, यात फारसा फरक पडलेला मला दिसत नाही. नावाला संरक्षण मिळणे वेगळे आणि नावाच्या पाठीमागे सगळ्या बागायतदारांनी एकत्र उभे राहणे वेगळे.

याच बेटावर उलटे उदाहरणही आहे. बेटाच्या मध्यभागी अनावातोस नावाचे एक गाव उंच कड्यावर आहे. १८२२ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या सैन्याने या बेटावर जी भयंकर कत्तल केली, तिच्यात ते गाव संपल्यासारखेच झाले आणि १८८१ च्या भूकंपानंतर जवळजवळ ओस पडले. आता तिथे दगडी घरांचे सांगाडे आणि फोटो काढणारे पाहुणे एवढेच दिसतात. मस्तगीची गावे मात्र त्या कत्तलीतून बऱ्याच अंशी वाचली, कारण मस्तगीचा महसूल थेट सुलतानाच्या घराण्याकडे जात असे. त्याही आधी, १३४६ पासून १५६६ पर्यंत हे बेट इटलीतल्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होते आणि मस्तगी चोरणाऱ्याला त्यांच्या राज्यात अत्यंत क्रूर शिक्षा होत. गावांची रचना तेव्हाचीच आहे. कडेच्या घरांच्या मागच्या भिंती एकमेकींना जोडून त्यांचाच तट केलेला, आत येण्याच्या वाटा मोजक्या, बोळ इतके अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने उंबऱ्यावर चढावे. तळमजल्यावर कमानदार छताखाली गुरे आणि धान्य, वर माणसे. आणि छपरे एका उंचीची, म्हणजे शत्रू आत घुसलाच तर छपरांवरून पळून मधल्या बुरुजापर्यंत जाता यावे.

माझे काम याच घरांवर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण पिर्गीच्या भिंतींबद्दल फोनवर नीट सांगता आले नव्हते. चुन्यात एम्पोरिओस गावच्या किनाऱ्यावरची काळी, ज्वालामुखीची वाळू मिसळून भिंतीला गिलावा करतात. त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात देतात आणि तो ओला असतानाच कंपासाने वर्तुळे, पट्टीने त्रिकोण व चौकटी आखून, काट्यासारख्या हत्याराने ठरावीक जागचा पांढरा थर खरवडतात. खालचा करडा रंग वर येतो आणि तळापासून छपरापर्यंत सगळी भिंत नक्षीने भरून जाते. यात रंग मुळीच नाही. एका घराचे काम चालू असताना मी कारागिराला विचारले की, कागदावर आराखडा काढता का. त्यावर त्याने नुसते समोरच्या भिंतीकडे बोट दाखवले. चुना वाळायच्या आत पट्टा पुरा करावा लागतो, त्यामुळे त्याच्याशी बोलायला मला दुपारच्या जेवणाचीच वेळ मिळे. सध्या या नक्षीदार भिंतींसमोर, सज्जांवर, दोऱ्यांत ओवलेल्या लहान लाल टोमॅटोंचे घोस टांगलेले आहेत. पाण्याशिवाय वाढवलेले हे टोमॅटो हिवाळाभर टिकतात. आई, आजी रोज त्यांतले चार-पाच तोडून मसुरीच्या आमटीत घालतात, आणि हो, ती आमटी मलाही रोज मिळते.

सणांबद्दल लिहायला बसले तर पत्र संपणार नाही. १५ ऑगस्टला, मरियेच्या सणाला, मुंबईकर चाकरमानी गणपतीला यावेत तशी अथेन्सला गेलेली मंडळी गावी येतात आणि चौकात पहाटेपर्यंत नाच चालतो. तो गर्दीचा आठवडा मला स्वतःला फारसा आवडला नाही. मला आवडला तो ईस्टरआधीच्या लेंट नावाच्या उपवासकाळातल्या पहिल्या सोमवारचा मेस्ता गावातला खेळ. जुन्या तुर्की अंमलदाराचे सोंग घेतलेला एक गावकरी चौकात बसतो, त्याचे शिपाई पाहुण्यांना आणि गावकऱ्यांना पकडून त्याच्यासमोर उभे करतात, आणि तो त्यांच्यावर वाटेल ते आरोप ठेवून दंड करतो. ज्या राजवटीने या बेटावर एवढे अत्याचार केले, तिच्या न्यायासनाची अशी टर उडवताना लोक पोट धरून हसत होते. मी एकटी फिरते, म्हणजे नवरा घरी उपाशी असणार, असा माझ्यावर आरोप होता. नवराच नाही म्हटल्यावर दंड दुप्पट झाला. ते पैसे गावाच्या कामाला जातात, तेव्हा आईने याचा वेगळा अर्थ काढू नये.

सगळेच गोड आहे असे समजू नका. कॉफीच्या दुकानात म्हातारे पुरुष दिवसभर सोंगट्या खेळत बसतात आणि त्यांच्या वयाच्या बायका तिकडे फिरकतही नाहीत. मी तिथे बसते ते परकी म्हणून चालवून घेतले जाते. कुणाकडे कोण आले, कोण किती वाजता परतले, याची चौकशी आपल्या आळीपेक्षा तसूभरही कमी नाही. वणव्याची धास्ती मात्र खरी आहे. २०१२ च्या ऑगस्टमधल्या वणव्यात मस्तगीची हजारो झाडे जळाली. नवे झाड पाचव्या-सहाव्या वर्षी थोडे देऊ लागते आणि भरात यायला बारा-पंधरा वर्षे घेते, म्हणजे त्या वेळी सत्तरीत असलेल्यांनी लावलेली रोपे कुणासाठी होती, हे त्यांनाही ठाऊक होते. तरीही त्यांनी ती लावली. शेजारचे आजोबा त्यांपैकीच एक. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी मोकळी जमीन कशी दिसते ते दाखवले आणि विषय बदलला.

म्हणून बाबा, वाडी विकण्याचा निर्णय एवढ्यात पक्का करू नये, एवढीच माझी विनंती आहे. पुढच्या पावसाळ्यात मी घरी येणारच आहे, तेव्हा शेजारच्या बागायतदारांशीही बोलू. मला याची व्यवस्था कळते असा माझा दावा नाही. पण एकट्याने विकायचे आणि एकट्याने राखायचे, या दोहोंखेरीज तिसराही मार्ग असतो, हे मी इथे रोज पाहत आहे.

त्याआधी तुम्ही दोघांनी इथे यावे, असे माझ्या मनात आहे. ऑगस्ट नको, उन्हाळा बाबांना सोसणार नाही. मे महिना उत्तम, थंडी संपलेली असते आणि डोंगर फुलांनी भरलेले असतात. घर पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद व उभा आहे, त्यामुळे तुमच्यासाठी तळमजल्यावरची कमानीची खोली आजींनी आत्ताच कबूल केली आहे. दोघांच्या पासपोर्टच्या मुदती पाहून मला कळवा. प्रवासानंतर निदान तीन महिने शिल्लक असल्या पाहिजेत, नाहीतर व्हिसा मिळत नाही. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्या. आईने चष्म्याचा नंबर नवा करून यावे, कारण आजींनी तिच्यासाठी एक परात बाजूला काढून ठेवली आहे आणि पहिल्या प्रतीच्या खड्यांत कचरा राहिलेला त्यांना खपत नाही.

तब्येतीस जपावे. लहानांस आशीर्वाद.

तुमची,
लेक

ता. क. येताना कोकमाच्या आगळाची बाटली आणू नका, सामानात फुटते. आमसुले आणा, दोन किलो तरी. मसुरीच्या आमटीत मी एकदा घातली होती, तेव्हापासून आजी रोज विचारत असतात.