लंडनच्या महापौरांना खुले पत्र : आयटल खानावळींच्या गाळ्यांना भाडेपट्ट्याचे संरक्षण द्यावे

प्रति,
मा. सर सादिक खान,
महापौर, लंडन

महोदय,

सविनय नमस्कार. मी दक्षिण लंडनमध्ये राहणारी एक मराठी रहिवासी आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. मराठीत ते अशासाठी प्रसिद्ध करत आहे की, ज्या खानावळींविषयी मला लिहायचे आहे त्यांचे भवितव्य या शहरातल्या मराठी माणसांनाही आपला प्रश्न वाटावा.

ब्रिक्स्टन आणि पेकहॅमसारख्या भागांत रास्ताफारी परंपरेतल्या कुटुंबांनी चालवलेल्या छोट्या व्हीगन खानावळी आहेत. तिथे मांस, मासे, अंडी, दूध यांतले काहीही शिजत नाही. या जेवणाला आयटल म्हणतात. १९३०च्या दशकात जमैकात रास्ताफारी पंथ उभा राहिला आणि जमिनीतून आलेले अन्न शक्य तितके मूळ रूपात, डबाबंद पदार्थ टाळून व अनेकदा मीठही न घालता खावे, हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग झाला. १८४५पासून जमैकाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांच्या शाकाहाराची छाप या आहारावर पडली असावी, असे काही अभ्यासक मानतात, आणि समोरचे ताट पाहिले की मला ते पटते. नारळाच्या दुधात तांदळाबरोबर शिजवलेले तुरीचे दाणे, माठाच्या जातीच्या पाल्याची परतलेली भाजी, भाजलेल्या नीरफणसाच्या फोडी, पिकल्या केळ्यांचे तळलेले काप. कोकणात वाढलेल्या माणसाला यात नवे वाटेल ते बहुधा थाइम, पिमेंटो आणि स्कॉच बॉनेट मिरची एवढेच.

माझ्या घराजवळच्या अशा एका खानावळीत बसायला मोजक्याच खुर्च्या आहेत. काउंटरवर गरम पाण्यात बसवलेली स्टीलची भांडी, मागे रताळी आणि याम या कंदाची पोती, आणि दाराशेजारच्या फळ्यावर चिकटवलेले कागद : सिकलसेलच्या रुग्णांसाठी रक्तदानाचे आवाहन, मुलांच्या शनिवारच्या शाळेचे वेळापत्रक, कुणाच्या तरी अंत्यविधीची सूचना. वस्तीत कुणी गेले की कॅरिबियन प्रथेप्रमाणे होणाऱ्या नवव्या रात्रीच्या जागरणाचे जेवण याच स्वयंपाकघरातून जाते. दुपारची गर्दी ओसरल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया येऊन बसतात, आणि कुणाचा रक्तदाब वाढला आहे व कुणाला भात कमी वाढायचा आहे हे वाढणाऱ्या ताईंना न सांगता ठाऊक असते. दोन दिवस कुणी दिसले नाही तर फोन जातो. हे काम कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात नोंदले जात नाही आणि म्हणूनच ते बंद पडले तरी कोणत्याही अहवालात दिसणार नाही, याची मला काळजी वाटते.

आफ्रिकी-कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांना टाइप २ मधुमेहाचा धोका वयाच्या पंचविशीपासूनच लक्षात घ्यावा लागतो, तर गोऱ्या लोकसंख्येसाठी तेच वय ४० मानले जाते. उच्च रक्तदाबाचे प्रमाणही कृष्णवर्णीय समाजात अधिक आहे. अशा वस्तीत मीठ बेताने वापरणारे, डाळी, कंद आणि पालेभाज्यांवर उभे असलेले, आणि मुख्य म्हणजे आजीच्या हातच्या चवीचे वाटणारे जेवण परवडणाऱ्या दरात मिळणे किती मोलाचे आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. बाहेरून आलेला आहाराचा सल्ला लोक ऐकून सोडून देतात. ओळखीची चव मात्र ते पुन्हा मागतात.

२२ जून १९४८ रोजी एम्पायर विंड्रश जहाजाने कॅरिबियनमधून आलेले स्थलांतरित टिलबरी बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्यापैकी ज्यांना राहायला जागा नव्हती त्यांना क्लॅपहॅम साउथच्या भूमिगत निवाऱ्यात ठेवले गेले आणि नोकरीसाठी जवळचे कार्यालय कोल्डहार्बर लेनवर होते, म्हणून ही माणसे ब्रिक्स्टनमध्ये स्थिरावली. बँका दारात उभे करत नव्हत्या, तेव्हा त्यांनी पार्डनर, म्हणजे आपल्याकडची भिशी, चालवून घरांसाठी पैसे उभे केले. ज्या बाजाराभोवती ही वस्ती वाढली, त्या ब्रिक्स्टनच्या बंदिस्त बाजारपेठांना २०१०मध्ये वारसा वास्तूंचा दर्जा मिळाला, आणि तो देताना आफ्रिकी-कॅरिबियन समाजाच्या जीवनातील त्यांचे स्थान विचारात घेतले गेले. परंतु त्या दर्जाने छप्पर आणि भिंती सुरक्षित होतात, गाळ्यात व्यवसाय करणाऱ्याला त्यातून कोणताही हक्क मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. १९५४च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्यानुसार व्यावसायिक भाडेकरूला मुदत संपल्यावर भाडेपट्टा नव्याने मागण्याचा हक्क आहे आणि मालकाला ठरावीक कारणांखेरीज तो नाकारता येत नाही. मात्र सही करण्यापूर्वी एक नोटीस देऊन व भाडेकरूकडून घोषणापत्र घेऊन हा हक्क करारातून वगळण्याची मुभाही आहे. छोट्या खानावळीसमोर असा करार येतो तेव्हा तिच्याकडे ना वकील असतो ना दुसरी जागा, त्यामुळे घोषणापत्रावर सही होते. वर उल्लेख केलेल्या खानावळीचे तेच झाले. साठवलेली सगळी पुंजी धूर काढणाऱ्या यंत्रणेत, लादीत आणि शेगड्यांत घातली. मुदत संपत आली तेव्हा मालकाने नवे भाडे असे सांगितले की ताटाची किंमत जवळपास दुप्पट करावी लागली असती. नकार दिला तर गाळा रिकामा करायचा आणि भिंतीत बसवलेले सगळे तिथेच सोडायचे, नुकसानभरपाईचा प्रश्नच नाही. ज्यांनी इतकी वर्षे त्या रस्त्यावर माणसे आणली, त्यांनाच त्या वाढलेल्या वर्दळीच्या नावाने जास्त भाडे मागितले जाते, हा अन्याय आहे असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे. सरकारने जुलै २०२५मध्ये संसदेत मांडलेल्या विकेंद्रीकरण विधेयकात केवळ वरच जाणाऱ्या भाडेआढाव्यांवर, म्हणजे मुदतीत भाडे फक्त वाढवू देणाऱ्या अटींवर, बंदीचे कलम घातले, त्याचे मी स्वागत करते. परंतु मुदतीनंतर गाळ्यात टिकून राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

संसदेचा कायदा बदलणे आपल्या हाती नाही, हे मी जाणते. पण शहराची वाहतूक चालवणाऱ्या ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या संस्थेच्या मंडळाचे आपण अध्यक्ष आहात, आणि तिची मालमत्ता कंपनी प्लेसेस फॉर लंडन रेल्वेच्या कमानींखालचे व स्थानकांलगतचे अनेक गाळे भाड्याने देते. निदान या गाळ्यांमध्ये स्थानिक, स्वतंत्र खानावळींशी होणारा प्रत्येक नवा करार १९५४च्या कायद्याच्या संरक्षणासह व्हावा, असा निर्णय आपण घ्यावा. सार्वजनिक मालकाने पायंडा पाडला तर खासगी मालकांपुढे बोलताना बरो कौन्सिलांच्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकांच्या, शब्दालाही वजन येईल.

दुसरी विनंती लंडन प्लॅन या शहराच्या विकास आराखड्याविषयी. २०२१च्या प्लॅनमधील ई९ धोरणानुसार शाळेच्या प्रवेशद्वारापासून ४०० मीटर चालण्याच्या अंतरात नवे हॉट फूड टेकअवे, म्हणजे गरम जेवण बांधून देणारे दुकान, होऊ देऊ नये. मुलांच्या आरोग्यासाठी हा नियम केला गेला आणि त्यामागचा हेतू मला मान्य आहे. परंतु हा नियम दुकानाचा प्रकार पाहतो, भांड्यात काय शिजते ते पाहत नाही. तळलेल्या कोंबडीचे दुकान आणि डाळ-भाजीचा डबा देणारे आयटल स्वयंपाकघर त्याच्या दृष्टीने एकच. बसायला जागा नसलेल्या लहान गाळ्यातच असा व्यवसाय सुरू होऊ शकतो, म्हणून त्याची झळ नेमकी इथे बसते. आपण नव्या लंडन प्लॅनचे काम हाती घेतलेच आहे, तर पदार्थांच्या पौष्टिकतेचे निकष लावून अशा स्वयंपाकघरांना परवानगी देण्याची तरतूद त्यात करावी. सप्टेंबर २०२३पासून आपण सरकारी प्राथमिक शाळांतील सर्व मुलांना मोफत जेवण सुरू केले. त्या शाळांना आठवड्यातून एखादा दिवस वस्तीतल्या अशा स्वयंपाकघरातून जेवण घेता येईल का, याचाही विचार व्हावा.

हे निर्णय होण्याआधी प्लेसेस फॉर लंडनच्या अधिकाऱ्यांसह आपण ब्रिक्स्टन आणि पेकहॅममधील या खानावळीवाल्यांची एक बैठक घ्यावी, आणि ती दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान ठेवावी, कारण तेवढ्याच वेळात त्यांना चुलीपासून दूर होता येते.

आपली विश्वासू,
दक्षिण लंडनमधील एक मराठी रहिवासी