कासचा दगड स्कोरिया नव्हे

संपादक साहेब, नमस्कार. कास पठारावर फिरायला येणारे काहीजण तिथला भोकाभोकाचा तांबडा दगड बघून 'ज्वालामुखीचा स्कोरिया' (लाव्हा थिजून झालेला भोकाभोकाचा दगड) म्हणून फोटो टाकतात, पण तो जांभा आहे हो, खालचा काळा कातळ लाव्ह्याचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि वरचा थर ऊनपावसानं झिजून जांभा झालेला. स्कोरियाची भोकं वेगळी, ती लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. स्कोरिया हा शब्द मूळचा ग्रीक, धातू वितळवताना निघणारा मळ, म्हणजे फाउंड्रीवाले ज्याला स्लॅग म्हणतात तो, आणि त्याच्याही मागं 'स्कोर' म्हणजे चक्क विष्ठा! आपल्याकडं लोखंडाच्या मळाला लोहकीट म्हणतात, जुनं झालं की मंडूर, वैद्य त्याचं भस्म देतात. फोटोखाली नुसतं 'जांभा' लिहा की.

– एक वाचक, सातारा