पट मोजा, पण विषयही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमी पटाच्या शाळांविषयी आपल्याकडे मागे दोन पत्रे छापून आली. एका निवृत्त गुरुजींनी खेड्यातल्या छोट्या हायस्कुलाचे असे काही गोडवे गायले होते की माझ्या लेकीने ते पत्र मोठ्याने वाचून दाखवले आणि आम्ही दोघी हसत बसलो. दुसऱ्या गृहस्थांचे म्हणणे, या शाळा गुंडाळा आणि पोरे तालुक्याला न्या. दोघांपैकी कोणाच्याही घरातले मूल आज अशा शाळेत जात नसावे, असा माझा अंदाज. माझी लेक पाचवी ते दहावी गावच्याच अनुदानित हायस्कुलात शिकली. मुलगा आठवीपासून कराडच्या एका मोठ्या शाळेत जातो, यंदा दहावीला आहे. शिवाय माझी पिठाची गिरणी शाळेच्या फाटकासमोर आहे. घंटा कधी झाली, कुठला तास मोकळा गेला, हे मला हजेरीपुस्तक न बघता कळते.

आमचे गाव ढेबेवाडी खोऱ्यात, पाटण तालुक्यात. पट का घटला याचे कोडे बाहेरच्यांना पडते, आम्हाला नाही. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच खोऱ्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्याच्या आधीपासून इथली माणसे मुंबईत पाठीवर पोती वाहत होती. पूर्वी बाप्या एकटा जायचा आणि बायकापोरे गावी असायची. आता घणसोली, कोपरखैरणेला खोली झाली की सगळे बिऱ्हाडच जाते, ते जत्रेला आणि गणपतीला परतते. उरलेल्यांतली बरी परिस्थिती असलेली मुले सकाळी पिवळ्या गाडीतून इंग्रजी माध्यमाला जातात. बाकीची आमच्या हायस्कुलात. लेकीच्या दहावीच्या वर्गात चौदा मुले होती, त्यात मुली पाच.

या चौदांचा फायदा काय झाला, तो आधी सांगते. दहावीच्या विज्ञानात मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकायचा प्रयोग आहे. लेकीने तो स्वतःच्या हाताने केला. तांब्याचा लाल थर चढलेला तो खिळा कितीतरी दिवस तिच्या कंपासपेटीत होता, आणि तो खरवडू नकोस म्हणून ती भावावर ओरडायची. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, पण त्याची किल्ली सरांच्या खिशात असे आणि कपाट उघडले जाई. मुलाच्या शाळेत प्रयोगशाळेची वेगळी इमारत आहे. तोच प्रयोग त्याने तिसऱ्या रांगेतून, पुढच्याच्या खांद्यावरून पाहिला आणि जर्नल मित्राचे उतरवून काढले. साठाच्या वर मुले एका वेळी आत गेल्यावर सरांनी तरी काय करावे?

दुसरे, एनएमएमएसची परीक्षा, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीत ती द्यायची, लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी असते. गुणवत्ता यादीत न बसलेल्या पण पास झालेल्या मराठा-कुणबी मुलांना सारथी या राज्य सरकारच्या संस्थेचे वर्षाला ९,६०० मिळतात. पिवळ्या गाडीवाल्यांना हे पैसे नाहीत, हे अर्ध्या गावाला माहीत नाही. लेकीच्या सरांनी निवडून पाच मुले बसवली, शाळा सुटल्यावर बुद्धिमत्तेचे पेपर सोडवून घेतले. उत्पन्नाचा दाखला काढायला मी टाळाटाळ करते आहे म्हटल्यावर सर स्वतः गिरणीवर येऊन उभे राहिले. "वहिनी, उद्या शेवटचा दिवस आहे, आज गिरणी बंद ठेवा," म्हणाले. मोठ्या शाळेत सूचना फळ्यावर लागते. ज्याने वाचली त्याने वाचली.

गुरुजींचे पत्र इथपर्यंत खरे आहे. पुढचे त्यांनी लिहिले नाही.

लहान शाळेत मुलावर पाचवीत जो शिक्का बसतो तो दहावीपर्यंत पुसत नाही. तेच सर, तेच बाक, तीच तेरा जणे. एखाद्याला पाचवीत 'मठ्ठ' म्हटले की संपले. त्यात गावची भावकी वर्गात येऊन बसते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन पॅनेल झाली त्या वर्षी आठवीच्या वर्गात मुलांनी आपणहून बाक वेगळे केले होते, कोणी सांगावे लागले नाही. बांधाचे भांडण ज्यांच्या घरात चालू आहे त्या दोन मुलींनी गटकार्य काय करायचे? आणि मुली पाचच. दोघींचे बिनसले की उरलेल्या तिघींना बाजू घ्यावी लागते. माझी लेक नववीत दोन महिने डबा एकटीने खात होती. मोठ्या शाळेत दुसरी मैत्रीण शोधता येते, नाहीतर गर्दीत लपता तरी येते. इथे लपायला जागा नाही. खो-खोचे मी बोलतच नाही. मैदानात नऊ जणी लागतात, तेव्हा आठवी-नववीच्या मुली गोळा करून संघ व्हायचा. एक जण आजारी पडली की संघ घरी.

पण खरी रड शिक्षकांची. गणिताचे सर लेकीची नववी संपता संपता निवृत्त झाले आणि ती जागा भरलीच नाही. दिवाळीपर्यंत हिंदीच्या बाईंनी बीजगणित जमेल तसे ओढले. बिचाऱ्या घरी स्वतः गणिते सोडवून यायच्या, त्यांना नावे ठेवणार नाही. भूमिती मात्र तशीच पडून राहिली. बोर्डाला गणित भाग दोन म्हणजे भूमितीचा पेपर चाळीस मार्कांचा असतो. शेवटी आम्ही पालकांनी वर्गणी काढून गावातल्याच एका बीएस्सी झालेल्या पोराला संध्याकाळी शिकवायला लावले. फुकट शाळेची ही फी कुठल्या कागदावर येत नाही.

चित्रकलेला शिक्षक नव्हते, म्हणून इंटरमिजिएटच्या परीक्षेला कोणी बसले नाही. त्या परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. मुलाला कराडमध्ये बी मिळाली. त्याचे पाच गुण धरलेले, आणि बहिणीची चित्रकला त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली. सेमी इंग्रजीचेही, म्हणजे गणित-विज्ञान तेवढे इंग्रजीतून शिकण्याचेही, तेच. मोठ्या शाळेत एक तुकडी सेमी, एक मराठी, ज्याला जे झेपेल ते. एकाच तुकडीच्या शाळेत सगळे सेमी नाहीतर कोणीच नाही, आणि आमच्याकडे कोणीच नाही असे ठरले. लेक अकरावी सायन्सला कराडला गेली तेव्हा पहिले काही आठवडे रोज रात्री पुस्तकावर मराठी शब्द लिहीत बसायची. विषय तिला येत होता, इंग्रजीतले नाव ओळखू येत नव्हते. निभावले तिने. तिच्याबरोबरची दोघे आर्ट्सला बदलून गेली.

मग शाळा बंद करून पोरे तालुक्याला न्या, हे दुसरे पत्र बरोबर का? अजिबात नाही. २०२३ साली समूह शाळांचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा एका मोठ्या शाळेत जोडण्याचा, विषय निघाला तेव्हाही हेच सांगत होते की वाहतुकीची सोय करू. आमच्याकडची सोय ऐका. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे. पास आहे, गाडी नाही. माझा मुलगा उजाडायच्या गाडीने जातो. संध्याकाळची रद्द झाली तर स्टँडवर बसून राहतो, आठला घरी येतो आणि जेवता जेवता पेंगतो. तो मुलगा आहे म्हणून शेजारीपाजारी काही बोलत नाहीत. त्याच गाडीने नववीतली मुलगी पाठवायला इथले किती बाप तयार होतील, ते त्या गृहस्थांनी खोऱ्यात येऊन विचारावे. पावसाळ्यात दरड आली, ओढ्याला पाणी आले की तोही प्रश्न मिटला. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षे वयापर्यंत, आठवीपर्यंत. नववीतली मुलगी घरी बसली तर कायद्याने कोणाला जाब विचारता येत नाही. आमच्याकडे लग्ने कोणत्या वयात ठरतात हे मी लिहायला नको.

साताऱ्यात शिक्षणावर काही लिहायचे तर रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आल्याशिवाय राहत नाही, म्हणून मीही घेते. खेड्यातली पोरे शहरात त्यांनीही आणली. पण साताऱ्यात त्यांचे वसतिगृह १९२४ सालचे, आणि रयतचे पहिले हायस्कूल १९४० सालचे. आधी राहायची आणि जेवायची सोय, मग हायस्कूल. आता उलटे चालले आहे, आधी शाळा बंद आणि मग सोय बघू.

माझे म्हणणे एवढेच आहे की शिक्षक मोजताना डोकी मोजू नका, विषय मोजा. आता ३० सप्टेंबरचा पट बघून संचमान्यता होते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरते, आणि सरकारच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयानंतर पट विसाच्या आत गेलेल्या वर्गांची पदेच धोक्यात आली आहेत. दळण दोन किलोचे असो की पन्नास किलोचे, गिरणीला दगड दोन लागतातच. दहावीला विषय सहा असतात, मुले चौदा असोत की चौदाशे. चौदा मुलांसाठी सहा शिक्षक पूर्ण वेळ द्या, असे मी म्हणत नाही, सरकारच्या तिजोरीचे मलाही कळते. पण आमच्या खोऱ्यात अशीच आणखी हायस्कुले आहेत आणि सगळ्यांची रड गणित, इंग्रजी नाहीतर विज्ञानाची आहे. दोन शाळांत मिळून एक गणिताचे सर, तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे, हे का होत नाही? विचारले की उत्तर येते, संस्था वेगळ्या आहेत. शिक्षक अतिरिक्त ठरला की त्याचे समायोजन दुसऱ्या संस्थेच्या शाळेत करताना संस्था आड येत नाही. मग आठवड्यातले तीन दिवस देताना कशी आड येते? चित्रकलेचेही असेच करता येईल. महिन्यातून चार शनिवार मिळाले तरी पोरे इंटरमिजिएटला बसतील.

मे महिन्यात गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका हमखास विचारतात, पोराचा दाखला काढू का गं? तुझा तर कराडला आहे. मी कोणाला काढ म्हणत नाही आणि राहू दे असेही म्हणत नाही. आधी शाळेत जाऊन गणिताला आणि इंग्रजीला कोण आहे ते विचार, एवढे सांगते. मागच्या आठवड्यात एकीने खरोखर जाऊन विचारले. गणिताला कोण येणार हे शाळेलाच अजून माहीत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांनी ते पंधरा जूनच्या आत कळवावे. ३० सप्टेंबरला पट मोजायला येतील तोवर दाखले निघून गेलेले असतील.

आपली,
एक पालक
ढेबेवाडी खोरे, ता. पाटण, जि. सातारा
(गाव लहान आहे, नाव छापू नये ही विनंती.)