सुपाऱ्या आणि शिंपल्यांबद्दल, बालवाडीच्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

मुलगा यंदा पहिलीत गेला. आकडे त्याच्या आजीनेच पाठ करून घेतले होते. तुमचे जाहीर आभार मानायचे आहेत ते सुपाऱ्या आणि शिंपल्यांच्या खेळासाठी. (काजूच्या बिया घरोघरी असूनही तुम्ही टाळल्यात. टरफलातलं तेल कातडी भाजतं, हे गोव्यात कुणाला सांगायला नको.)

पालकसभेला आले तेव्हा दारातूनच पाहिलं. एका ओळीत सुपाऱ्या, समोर शिंपल्या. "कुणाच्या जास्त?" एवढाच तुमचा प्रश्न. एका सुपारीसमोर एक शिंपली ठेवत जायचं, ज्याच्या उरतील त्याच्या जास्त. पाचापुढे अडणारी पोरंही बिनचूक सांगत होती.

मग तुम्ही दोन्ही ओळी सारख्या केल्यात आणि शिंपल्या नुसत्या लांब लांब सरकवल्यात. झालं! सगळा वर्ग ओरडला, "शिंपल्या जास्त!" आमचा सगळ्यांत मोठ्यानं. मी तोंड उघडणार तोच तुम्ही हातानं थांबवलंत. नंतर म्हणालात, झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांना हेच विचारून पाहिलं होतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला लांब ओळ म्हणजे जास्त, असंच दिसतं. बसक्या भांड्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं की ते वाढलं, असं तर साधारण सहा-सात वर्षांपर्यंत वाटतं. "सांगून काय होणार? त्यांचे हात करूदेत," हे तुमचं उत्तर. जोड्या लावा, मोडा, पुन्हा लावा. पाणी ओता, परत ओता. इतका धीर मला तरी नाही.

करवंट्यांचा ताजवाही तुमचाच. एकीत शिगोशीग कापूस, दुसरीत मूठभर वाळू, आणि वाळूची बाजू खाली गेल्यावरचा तो गोंधळ!

आता घरी रोज तंटा. परवा जेवताना म्हणाला, "ताईला तीन तारले, मला एकच बांगडा. पण माझा मोठा. मग जास्त कुणाला?" बाबांनी मान खाली घालून भात कालवला. ताई म्हणाली, तिलाच जास्त, तीन आहेत. यानं स्वयंपाकघरातून वजनकाटा मागवला. मासे वजनात घालायला मी नकार दिला, तर अजून रुसलाय.

आमच्या कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) सोललेल्या सुपाऱ्या पिशवीत भरून ठेवल्यात. नव्या मुलांसाठी सोमवारी पाठवते.

आपली,
म्हार्दोळची एक पालक