फॉर्म कोणी भरला, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘माणसं जपा, नफा आपोआप वाढेल’ या सुराचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा आपण चुकून जाहिरात वाचतोय की काय असं वाटलं. लेखक अभ्यासू आहेत, लिहितातही छान. पण ज्यांनी कधी कंपनीत अप्रेझल दिलेलं नाही, त्यांनाच हे सगळं इतकं सोपं वाटू शकतं.

लेखाचा डोलारा उभा आहे तो अमेरिकन संशोधक मार्क ह्युसेलिड यांच्या १९९५ च्या अभ्यासावर. भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन, कामगिरीनुसार पगार या पद्धतींचे गुण एका प्रमाण विचलनाने (म्हणजे कंपन्या-कंपन्यांत सर्वसाधारणपणे जेवढा फरक असतो तेवढ्याने) वाढले की माणशी वार्षिक विक्री सत्तावीस हजार डॉलरने जास्त आणि नोकरी सोडणारे सुमारे ७ टक्क्यांनी कमी. आकडे बरोबर आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते आले कुठून, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. अमेरिकेतल्या साडेतीन हजारांच्या आसपास कंपन्यांना टपालाने प्रश्नावली गेली, त्यातल्या ९६८ कामाच्या अवस्थेत परत आल्या. आणि भरल्या कोणी? प्रत्येक कंपनीतल्या एचआरच्याच, म्हणजे मनुष्यबळ खात्याच्याच, वरिष्ठाने. तुमचं खातं कसं चाललंय, हे त्या खात्याच्या साहेबांनाच विचारलं!

असला एक फॉर्म भरला जाताना मी समोर बसून पाहिला आहे. मी तेव्हा मेंटेनन्सला होतो आणि रजेच्या हिशोबातला घोळ निस्तरायला एचआरच्या केबिनमध्ये गेलो होतो. साहेब म्हणाले, ‘बसा, एवढं संपवतो.’ किती टक्के कर्मचाऱ्यांचं औपचारिक मूल्यमापन होतं? शंभर. किती जणांना तक्रार निवारणाची सोय आहे? शंभर. कंपनीची माहिती किती जणांपर्यंत पोचते? इथे पेन जरा थबकलं, मग तिथेही शंभर. नोटीस बोर्ड आहे ना! प्रशिक्षणाचे तास त्यांनी वरच्या छताकडे बघून लिहिले. एकही फाइल उघडली नाही, कोणाला फोन लावला नाही. माझा रजेचा घोळ मात्र ‘सिस्टीममध्ये बघावं लागेल’ म्हणून तसाच राहिला.

त्या शंभर टक्क्यांत मीही होतो बरं का. माझं ‘औपचारिक मूल्यमापन’ त्याच वर्षी झालं. आमच्या साहेबांनी माझ्यासमोर पेन्सिलने ४ लिहिले, पाठ थोपटली, बंद पडलेला कॉम्प्रेसर रात्रीतून चालू करून दिल्याचा उल्लेखही केला. फॉर्म वरून परत आला तेव्हा ४ खोडलेला होता. खोडरबराचा मळकट डाग तसाच, आणि त्यावर पेनाने ठसठशीत ३. कारण विचारलं तर म्हणे, ‘बेल कर्व्हमध्ये बसत नव्हतं.’ म्हणजे तुमच्या खात्यात इतकेच ४ द्यायचे, असं आधीच ठरलेलं. मग तक्रार निवारण समितीकडे गेलो. समितीत कोण? शंभर-शंभर लिहिणारे तेच साहेब. त्यांनी चहा पाजला. इन्क्रिमेंट जे व्हायचं तेच झालं. मायक्रोसॉफ्टने माणसांना अशी ठरीव उतरंड लावण्याची पद्धत २०१३ मध्ये मोडीत काढली. आमच्याकडे ती ‘बेस्ट प्रॅक्टिस’ म्हणून त्यानंतरच वाजतगाजत आली.

हा माझा खासगी राग म्हणून सोडून देऊ नका. एका कंपनीबद्दल एकाच माणसाला विचारलं तर उत्तरावर कितपत विसंबायचं, ही शंका गेरहार्ट आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००० मध्ये आकडे मांडून घेतली होती. दुसरी गोष्ट आधी काय आणि नंतर काय याची. कंपनी नफ्यात असली की ट्रेनिंगला पैसे, बोनसला पैसे, सर्वेक्षणालाही पैसे. तोटा दिसला की पहिली कात्री ट्रेनिंगवर. २००५ मध्ये राइट आणि मंडळींनी एकाच मोठ्या कंपनीची ४५ युनिट्स तपासली. चांगल्या पद्धतींचा पुढच्या कामगिरीशी जेवढा संबंध दिसला, जवळपास तेवढाच आधीच्या कामगिरीशीही दिसला. आधीची कामगिरी हिशोबात धरल्यावर तो संबंध जवळजवळ उरलाच नाही. ह्युसेलिड यांनाही ही अडचण ठाऊक होती, त्यांनी आपल्या परीने ती तपासलीही. तुमच्या लेखकांना मात्र तिची गंधवार्ता नसावी, किंवा जागा कमी पडली असावी.

एचआर म्हणजे सगळं थोतांड, असं मी म्हणत नाही. १९९७ मध्ये इक्निओव्स्की, शॉ आणि प्रेनुशी यांचा पोलाद कारखान्यांतल्या ३६ फिनिशिंग लाइन्सवरचा (पोलादावर शेवटची प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांच्या रांगांवरचा) अभ्यास आला. ही माणसं प्रत्यक्ष कारखान्यांत गेली, तिथल्या लोकांशी बोलली, आणि ठरलेल्या वेळेतली लाइन किती वेळ खरोखर चालू राहते हे मोजलं. निवडून भरती, टीम, प्रशिक्षण, नोकरीची हमी, प्रोत्साहन वेतन हे सगळं एकत्र असलं तर उत्पादन वाढतं. सुटं एखादंच आणून ठेवलं तर फारसा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. मेंटेनन्सच्या माणसाला हे पटतं, कारण लाइन थांबली की कळतंच. तिथे शंभर टक्के लिहून भागत नाही. या अभ्यासाला तुमच्या पानभर लेखात दोन ओळी मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्या कंपनीने मात्र हे सगळं सोडून फक्त बेल कर्व्ह उचलला.

जाता जाता, लेखासोबतच्या आलेखात उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे जरासा फरक डोंगराएवढा दिसतो. गेल्या महिन्यात बँकांवरच्या लेखातही हेच झालं होतं. तेव्हाही मी लिहिलं होतं आणि तुम्ही पत्र छापताना नेमकं तेवढंच वाक्य कापलंत. या वेळी जागा कमी असेल तर माझं कौतुकाचं वाक्य कापा, खोडरबराचं ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक