निशाण्या रोवायच्या राहिल्या

अडिग्रात, इथिओपिया
मंगळवार, २० डिसेंबर २००५

तीर्थरूप अण्णा आणि तीर्थरूप सौ. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले ९ तारखेचे पत्र काल भारतीय बटालियनच्या टपालातून मिळाले. मी खुशाल आहे. हे वाक्य मी प्रत्येक पत्राच्या आरंभी लिहितो, त्यामुळे आईचा त्यावरचा विश्वास उडाला आहे असे आपण कळवले आहे; तरीही ते खरे असल्यामुळे पुन्हा लिहितो. दिनक्रम, जेवणखाण आणि इथली थंडी यांविषयी मागच्या पत्रांत इतके लिहून झाले आहे की आता त्यात वेळ घालवत नाही.

सोबतच्या कात्रणात ज्या ओळीखाली आपण लाल पेन्सिलीने रेघ ओढली आहे, ती, एरिट्रिया संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील लोकांना हाकलत असल्याची, बातमी खरी आहे, पण अर्धी आहे. एरिट्रियाने ६ डिसेंबरला सांगितले की अमेरिका, कॅनडा आणि रशियासह युरोपातील देशांचे जे लोक या मोहिमेत आहेत त्यांनी दहा दिवसांत देश सोडावा. या यादीत भारत नाही आणि जॉर्डनही नाही; मोहिमेतील सैनिकांचा मोठा भार या दोन देशांवरच आहे. सेनेचे प्रमुख मेजर जनरल राजेंदर सिंग आपलेच आहेत. शिवाय मी सध्या सीमेच्या इथिओपियाकडच्या बाजूला आहे, त्यामुळे मला कोणी हाकलण्याचा प्रश्नच येत नाही. ज्यांना निघावे लागले त्यांनाही सुरक्षा परिषदेच्या संमतीने तात्पुरते इकडेच हलवले आहे. माझ्या जुन्या चौकीतील दोन युरोपीय सहकारी गेल्या शुक्रवारी एरिट्रियाची राजधानी अस्मारा सोडून इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला, पोहोचले. त्यांपैकी एकाचा फोन आला तेव्हा त्याने प्रथम क्षमा मागितली, कारण आईने दिलेला प्रेशर कुकर घाईत अस्माराला राहिला. ही बातमी आईला सवडीने सांगावी.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. आपण नोकरीची सगळी वर्षे साखळी आणि प्लेन टेबल घेऊन शेतांच्या हद्दी मोजण्यात घालवली, म्हणून आपला प्रश्न वर्तमानपत्रांच्या प्रश्नांपेक्षा नेमका आहे: एरिट्रिया आणि इथिओपिया यांच्या सीमेचा निवाडा होऊन साडेतीन वर्षे झाली तरी तिच्यावर निशाण्या का बसल्या नाहीत, आणि त्या बसणारच नसतील तर तुम्ही लोक तिथे कशासाठी बसून आहात?

मे १९९८ मध्ये बाद्मे नावाच्या एका लहानशा गावावरून या दोन देशांत युद्ध पेटले, आणि दोन वर्षांत त्यात ७० हजार ते १ लाख माणसे गेली असावीत असा अंदाज सांगतात. आफ्रिकी ऐक्य संघटनेसाठी अल्जीरियाच्या मुत्सद्द्यांनी आणि अमेरिकेचे दूत अँथनी लेक यांनी दोन्ही राजधान्यांच्या वाऱ्या करून १८ जून २००० रोजी अल्जियर्समध्ये लढाई थांबवण्याचा करार घडवून आणला. १२ डिसेंबरला तिथेच दोन्ही नेत्यांनी, एरिट्रियाचे इसायस अफवर्की आणि इथिओपियाचे मेलेस झेनावी यांनी, शांतता करारावर सह्या केल्या. एरिट्रियाच्या सैन्याने इथिओपियाच्या सैन्यापासून २५ किलोमीटर दूर राहावे असे ठरले. हे अंतर कुठून आले असे आपण नक्की विचाराल. ते तोफेच्या पल्ल्यावरून आले. अशी जी पट्टी तयार झाली ती तात्पुरते सुरक्षा क्षेत्र म्हणून ओळखली जाते, आणि ती सगळी एरिट्रियाच्या जमिनीवर आहे. ज्याच्या एकट्याच्या शेतातून दोघांच्या भांडणासाठी वाट सोडली जाते, त्याचा संयम आधी सुटतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

सीमा ठरवण्यासाठी हेगमध्ये पाच जणांचा आयोग बसला. तेव्हा एरिट्रियावर राज्य करणाऱ्या इटलीने इथिओपियाशी केलेले १९००, १९०२ आणि १९०८ सालचे तीन करार, आणि लागू पडणारा आंतरराष्ट्रीय कायदा, एवढ्यावरच त्यांनी निर्णय द्यायचा होता. कोणाच्या दृष्टीने काय न्याय्य दिसते हे पाहून रेघ इकडेतिकडे करण्याचा अधिकार करारानेच त्यांना नाकारला होता. निर्णय अंतिम आणि बंधनकारक राहील असे दोघांनी आधीच लिहून दिले होते. १३ एप्रिल २००२ रोजी निर्णय जाहीर झाला तेव्हा दोन्ही देशांनी विजय साजरा केला, यावरून तो किती जणांनी नीट वाचला होता याची कल्पना येईल. पुढे स्पष्ट झाले की बाद्मे एरिट्रियाच्या बाजूला येते, आणि २००३ च्या सप्टेंबरात इथिओपियाने तो निर्णय अमान्य असल्याचे सुरक्षा परिषदेला कळवले. म्हणजे आपल्या भाषेत, हुकूम एकाच्या बाजूने, वहिवाट दुसऱ्याची, आणि मोजणीदार साखळी खांद्यावर टाकून बांधावर उभा. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी कॅनडाचे लॉइड अ‍ॅक्सवर्दी यांना खास दूत नेमले, तर एरिट्रियाने त्यांना भेटायलाही नकार दिला. अंतिम निवाड्यानंतर पुन्हा बोलणी कसली, हे त्यांचे म्हणणे. गेल्या वर्षी इथिओपियाने निर्णय तत्त्वतः मान्य केला, पण अंमलाआधी चर्चा हवी अशी अट घातली. ‘तत्त्वतः’ हा शब्द आपण पक्षकारांच्या अर्जांत पुष्कळ वेळा पाहिला असेल.

आम्ही इथे का, याचे उत्तर करारातच आहे: सीमेवर खुणा बसेपर्यंत संयुक्त राष्ट्रांची सेना राहील. ती सीमा ठरवत नाही आणि राखतही नाही. कोणाचे सैन्य कुठे उभे आहे, काल होते त्यापेक्षा पुढे आले आहे का, एवढेच पाहून ती खरे लिहून ठेवते. साक्षीदार समोर असला की माणूस शेजाऱ्याचा बांध कोरताना निदान विचार करतो. पाच वर्षे इथे पुन्हा युद्ध झाले नाही, त्यात या साक्षीचा वाटा आहे असे मला वाटते. तो किती, हे मला मोजता येत नाही.

आता इथली एक गोष्ट सविस्तर लिहितो, कारण ती समजायला मला तीन महिने लागले आणि ती आपल्यालाच खरी कळेल. इथिओपियात दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपल्या पंचांगाप्रमाणेच, पण यांनी घड्याळही त्याच हिशेबाने लावले आहे. सकाळचे सात म्हणजे यांचा एक, दुपारचे बारा म्हणजे सहा, आणि संध्याकाळी सहा वाजता यांचे बारा वाजतात. त्यानंतर रात्रीचा एक, दोन, तीन असे पुन्हा सुरू. विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर दिवस-रात्र जवळजवळ सारखीच, म्हणून हा हिशेब बिघडत नाही. वर्षाचे महिने १३. बाराही महिने तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. अधिक मासाची सवय असलेल्या घरातून आल्यामुळे मला त्याचे काही वाटले नाही, पण माझे युरोपीय सहकारी फार वैतागत. नवे वर्ष सप्टेंबरात लागते आणि सनावळी आपल्या इंग्रजी सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे आहे, त्यामुळे आज इथे ताहसास महिन्याची ११ तारीख आणि वर्ष १९९८ आहे. युद्ध पेटले तो आपला १९९८, आणि इथल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही आज १९९८. गेले काही आठवडे दोन्ही बाजूंनी सैन्याची जमवाजमव होत असताना ती दिनदर्शिका पाहिली की मी नजर दुसरीकडे वळवतो.

हे घड्याळ म्हणजे नुसती गंमत नाही. जुलैमध्ये एका रात्री गोळीबाराचे आवाज आल्याच्या दोन तक्रारी आमच्याकडे आल्या, एक रात्री आठ वाजताची आणि दुसरी पहाटे दोनची. आम्ही दोन घटना म्हणून दोन अहवाल लिहिले, नकाशावर दोन खुणा केल्या आणि सहा तासांत काय बदलले असावे यावर बराच खल केला. तिसऱ्या दिवशी दुभाष्या हसत म्हणाला की गावकऱ्याचे रात्रीचे आठ म्हणजेच तुमचे पहाटेचे दोन. आवाज एकच होता, आणि तोही बहुधा जनावरे हुसकण्यासाठी कोणी तरी काढलेला. शस्त्रसंधीचा भंग एकदा झाला की दोनदा, एवढ्या प्रश्नावर मोठ्या खोल्यांत मोठी माणसे तासन्‌तास बोलतात. म्हणून त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक साक्षीदाराला आधी विचारतो, सूर्य कुठे होता?

आईचा प्रश्न असा की, तू कार्यालयात बसतोस असे लिहिले होतेस, मग छायाचित्रात बूट मातीचे कसे. याचे उत्तर असे की कार्यालय आहे आणि मी तिथे बसतोही. पण लष्करी निरीक्षकाला गाडीतून फिरल्याशिवाय निरीक्षण करता येत नाही, आणि हे मी लपवले नव्हते, फक्त लिहायचे राहिले होते. आम्ही शस्त्र बाळगत नाही हेही खरे आहे. त्याची भीती बाळगू नये, कारण निःशस्त्र माणसाला समोरचा पहारेकरी चहा विचारतो आणि सशस्त्र माणसाला ओळखपत्र. भूसुरुंगांचे म्हणाल तर आम्ही मळलेल्या चाकोरीतून बाहेर गाडी काढत नाही. लाल रंग दिलेले दगड दिसले की थांबतो.

पुढचा परिच्छेद, अण्णा, आपण एकट्याने वाचावा. एरिट्रियाने ५ ऑक्टोबरपासून आपल्या हद्दीत मोहिमेच्या हेलिकॉप्टरना बंदी केली. हेलिकॉप्टर म्हणजे पाहणी, एवढाच त्याचा अर्थ बातम्यांत आला. आमच्यासाठी त्याचा दुसरा अर्थ असा की दूरच्या चौकीवर कोणी सुरुंगावर सापडला किंवा कोणाला छातीत कळ आली, तर त्याला मिनिटांत उचलून नेण्याची सोय राहिली नाही. डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने तासन्‌तास न्यावे लागेल. म्हणून चाळीसपैकी अठरा चौक्या रिकाम्या कराव्या लागल्या, आणि त्यात माझी चौकीही होती. अडिग्रातला माझी बदली झाली असे मी कळवले होते, ती ही बदली. आम्ही निघालो त्या सकाळी खालच्या वाडीतले एक म्हातारे गृहस्थ काहीही न विचारता गाडीजवळ उभे राहिले. त्यांना काय सांगायचे ते मला सुचले नाही, म्हणून मी आमच्या उरलेल्या पाण्याचे डबे त्यांच्या दारात ठेवले. ते अजूनही मनातून जात नाही. त्या डोंगराकडे आज कोणाचेही लक्ष नाही, आणि मी मात्र सुरक्षित आहे, असे आपल्याला कळवताना मला बरे वाटले नव्हते.

आपण १९६७ च्या गाझाची आठवण काढली आहे. इजिप्तने संमती काढून घेतल्यावर संयुक्त राष्ट्रांची सेना निघत होती आणि जूनमध्ये युद्ध सुरू होताच त्यात आपले भारतीय जवान मारले गेले, हे मला प्रशिक्षणात शिकवले होते. आपल्याला ते रेडिओवर ऐकल्याचे आठवते, हे मात्र मला ठाऊक नव्हते. तुलना चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. यजमानाच्या संमतीवर उभी असलेली सेना ती संमती सरली की पाहुण्यासारखी होते, हे तेव्हाही खरे होते. फरक एवढाच की या वेळी सुरक्षा परिषद वेळीच बोलली आहे: २३ नोव्हेंबरच्या ठरावात तिने एरिट्रियाला मोहिमेवरची बंदी उठवण्यास आणि इथिओपियाला निवाडा मानून तीस दिवसांत जादा सैन्य मागे घेण्यास बजावले, आणि न ऐकल्यास निर्बंध लादू असेही सांगितले. ती मुदत या आठवड्यात संपते. इथिओपियाने सैन्य मागे घेण्यास सुरुवात केल्याचे जाहीर केले आहे. एरिट्रियाकडून हेलिकॉप्टरबाबत अजून काही हालचाल नाही. निवाडा न मानणारा सैन्य हलवून शहाणा ठरतो आणि निवाडा मानणारा आमची वाट अडवून दोषी ठरतो, ही गोष्ट मलाही खटकते. पण निरीक्षकाने पक्ष घ्यायचा नसतो, म्हणून हे घरच्या पत्रातच लिहितो.

आता घरचे. निर्वाह भत्त्यातून शिल्लक टाकलेली रक्कम या महिन्यात बँकेत जमा होईल. त्यातून सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आधी भरावा आणि उरलेले वैशालीच्या लग्नासाठी ठेवावे. मंडपाचा खर्च मुलाकडचे अर्धा उचलणार असतील तर तसे लिहून घ्यावे असे मी म्हणणार होतो, पण आपण ते माझ्याहून चांगले जाणता. मुहूर्त १२ फेब्रुवारीचा धरला आहे, त्याबद्दल आनंद झाला. रजेचा अर्ज दिला आहे. माणसे कमी झाल्यामुळे सगळ्यांच्या रजा थांबवल्या आहेत, तेव्हा मी येईन असे धरून कामे वाटू नयेत. पाठवणीच्या वेळी भावाने करायचे ते चुलतभावांपैकी कोणी तरी करावे. वैशालीला मी स्वतंत्र पत्र लिहिणार आहे. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा ते पत्र रजेच्या नियमांवरच गेले, म्हणून अजून पाठवले नाही. माझ्या स्वतःच्या स्थळाबद्दल, मुलीकडच्यांनी मे महिन्यापर्यंत थांबावे अशी विनंती करावी. थांबणे शक्य नसेल तर त्यांना मोकळे करावे, मी वाईट वाटून घेणार नाही.

आई, एवढे तुझ्यासाठी. स्वेटर बरोबर बसतो. रविवारी संध्याकाळी मी फोन करीन. तुझ्या घड्याळात साडेआठ वाजतील तेव्हा माझ्या घड्याळात सहा असतील आणि इथल्या लोकांच्या घड्याळात बारा, तेव्हा तू आपल्या साडेआठलाच फोनजवळ बस. थोडा उशीर झाला तर लाइन मिळत नाही एवढेच समजावे.

आपला,
बाळू